बेळगाव भागात नवी गाडी घेतली आहे? पेट्रोल कुठं भरायचं आणि अ‍ॅव्हरेज कसं राखायचं

गाडी घेऊन आठवडा झालेला माणूस मला हमखास एक प्रश्न विचारतो : "पेट्रोल इकडंच भरू, का पलीकडं?" पुण्यात किंवा हुबळीत राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. आपल्याला पडतो, कारण आपली घरंच सीमेवर आहेत. बेळगावातून पश्चिमेला निघालं की शिनोळीत महाराष्ट्र सुरू होतो. निपाणीच्या पुढं कोगनोळी आणि लगेच कागल. कागवाड सोडलं की म्हैसाळ, मिरज. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोवा. एकाच टाकीत तीन राज्यांचं पेट्रोल मिसळलेलं असू शकतं, आणि तिन्हीकडचे दर वेगळे.

प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न : तुमची गाडी एका लिटरमध्ये किती चालते? याचं उत्तर बहुतेक नवे गाडीवाले अंदाजानं देतात. "सोळा-सतरा देत असेल की." ते असेल-नसेल संपवायचं, मग दराकडं वळायचं. मी याच क्रमानं सांगतो.

आधी वही

गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही आणि पेन ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण माझा अनुभव असा की वही घरातल्या सगळ्यांच्या हाताला लागते. मुलगा गाडी घेऊन गेला तरी तोही लिहितो.

पंपावर जाऊन टाकी फुल्ल करा. नोझल ‘टक्’ करून आपोआप बंद झालं की तिथंच थांबायचं. पंपावरचा पोरगा रक्कम गोल करण्यासाठी अजून थोडं टाकतो म्हणेल, त्याला नको म्हणा. टाकीत वाफेसाठी जागा लागते, आणि दर वेळी वेगवेगळ्या पातळीपर्यंत भरलं तर हिशेब चुकतो. आता गाडीचं रिडिंग लिहा. समजा १८,२४० आहे. गाडी नेहमीसारखी चालवा. काटा पाव टाकीवर आला की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ‘टक्’ होईपर्यंत भरा. रिडिंग १८,६५२ झालं आणि २५.८ लिटर बसलं, तर ४१२ भागिले २५.८, म्हणजे साधारण १६. हे तुमच्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज.

एकदा करून सोडू नका. तीन-चार वेळा भरल्याचा हिशेब एकत्र करा. एखाद्या आठवड्यात तुम्ही फक्त हायवेला असता, एखाद्या आठवड्यात खडेबाजार आणि गणपत गल्लीच्या गर्दीत. दोन्ही आकडे खरे असतात, पण एकटा कुठलाच पुरा नसतो.

डॅशबोर्डवर दिसणारा आकडा वहीच्या आकड्याशी ताडून बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा चढा दाखवतो. शोरूममध्ये सांगितलेला एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा) आकडा तर प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणं काढलेला असतो. दोन मॉडेलांची तुलना करायला तो उपयोगी आहे. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर उभ्या असलेल्या गाडीला तो लागू पडत नाही, म्हणून गाडीत खोट आहे असं समजून सर्व्हिस सेंटरला भांडायला जाऊ नका.

आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट इथंच सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पणजीला जाताना गाडी ही सगळी उंची उतरते, त्यामुळं तिथं पोचल्यावर डॅशबोर्डवर सुंदर आकडा दिसतो. परतताना तीच उंची चढायची असते. बाराशे किलोची गाडी साडेसातशे मीटर वर न्यायला, इंजिनात वाया जाणारी उष्णता धरून, साधारण एक लिटर पेट्रोल निव्वळ चढण्यावर जातं. म्हणून गोवा, आंबोली-सावंतवाडी अशा फेऱ्यांचं अ‍ॅव्हरेज जाऊन-येऊन धरायचं. फक्त जातानाचं धरलं तर फसाल, फक्त येतानाचं धरलं तर उगीच गॅरेज गाठाल.

मग किलोमीटरचा खर्च

हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. अ‍ॅव्हरेज १६ असेल तर एका किलोमीटरला ६ रुपये २५ पैसे. हा आकडा पाठ करा. पुढचे सगळे निर्णय यावर होतात.

महिन्याला १००० किलोमीटर गाडी चालत असेल तर ६२.५ लिटर लागतात. आता दोन वाटा बघा. एक, तुम्हाला लिटरमागं एक रुपया स्वस्त पंप सापडला : महिन्याला ६२ रुपये वाचले. दुसरी, पंप तोच ठेवून अ‍ॅव्हरेज १६ चं १७ केलं : ५८.८ लिटरमध्ये भागतं, म्हणजे ३.७ लिटर, सुमारे ३७० रुपये वाचले. अ‍ॅव्हरेज एका किलोमीटरनं वाढवणं हे लिटरमागं जवळजवळ सहा रुपये सूट मिळाल्यासारखं आहे. एवढी सूट पलीकडच्या कुठल्या गावातला पंप रोज देत नाही. तरी लोक रुपयाभर स्वस्त पेट्रोलसाठी गाव पालथं घालतात आणि टायरमधली हवा दोन-दोन महिने बघत नाहीत. मला याचं वाईट वाटतं, कारण पैसा आपल्याच खिशातून जात असतो.

लांबच्या स्वस्त पंपावर जायचं का, हेही याच आकड्यानं ठरतं. लिटरमागं सव्वा रुपया स्वस्त, तीस लिटर भरायचे, वाचले साडेसदतीस रुपये. त्याला सव्वासहानं भागा : सहा किलोमीटर. म्हणजे जाणं-येणं मिळून सहा किलोमीटरच्या वर वाकडी वाट असेल तर तोटा. शहरातल्या गर्दीतून जायचं असेल तर तीन किलोमीटरलाही तोटा.

सीमेवरचा दर : फरक कुठून येतो

पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत आलेलं नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क सगळीकडं सारखं, त्यावर प्रत्येक राज्य आपापला विक्रीकर किंवा व्हॅट लावतं. बेळगावचा पंप आणि चंदगड तालुक्यातला पंप यांच्यात अंतर थोडं, पण कर वेगळा. शिवाय डेपोपासून पंपापर्यंतचं टँकरभाडं दरात धरलेलं असतं, म्हणून खानापूर, निपाणी, अथणी इथल्या दरांतही काही पैशांचा फरक दिसतो. तो फरक विसरा. एकाच गावात सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांमधला फरकही पैशांतलाच असतो. खाजगी कंपन्यांचे दर कधी वर, कधी खाली असतात, तिथं पाटी बघूनच आत वळायचं. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज सकाळी सहाला ठरतात, त्यामुळं कुणी ‘काल इतका होता’ म्हणालं तरी आजची पाटी किंवा तेल कंपनीचं अ‍ॅप हेच खरं. अ‍ॅपमध्ये बेळगाव, कोल्हापूर आणि पणजी असे तिन्ही दर घरबसल्या दिसतात.

सीमेवरचा फरक कायम एकसारखा राहत नाही, हे नव्या माणसानं ध्यानात ठेवायला हवं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं पेट्रोलवरचं शुल्क पाच रुपयांनी आणि डिझेलवरचं दहा रुपयांनी कमी केलं. कर्नाटकानं त्यात आपल्याकडून आणखी सात रुपये कमी केले. महाराष्ट्रानं तेव्हा केले नाहीत. निपाणीत आणि कोल्हापुरात पेट्रोलला नऊ-दहा रुपयांची तफावत पडली, आणि कोगनोळीच्या अलीकडल्या पंपांवर एमएच-०९ च्या गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या. कागलचा माणूस तेव्हा टाकी भरायला मुद्दाम इकडं यायचा, आणि त्याचा हिशेब बरोबर होता.

पुढं २०२२ च्या जुलैत महाराष्ट्रानं पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरवलं. २०२४ च्या जूनमध्ये कर्नाटकानं पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला आणि डिझेलवरचा १४.३४ वरून १८.४४ टक्के. दोन्ही साधारण तीन-तीन रुपयांनी महागलं. १ एप्रिल २०२५ ला डिझेलवरचा कर आणखी वाढून २१.१७ टक्के झाला. त्यामुळं जुन्या माणसांच्या तोंडी ‘कर्नाटकात स्वस्त’ हे अजून बसलेलं असलं, तरी पूर्वीची तफावत उरलेली नाही. या बदलांनंतर पेट्रोल आपल्या बाजूला थोडं स्वस्त राहिलं, डिझेलचा फरक मात्र इतका आटला की डिझेल गाडीवाल्यानं दोन्ही पाट्या बघितल्याशिवाय काही ठरवू नये. कुठल्याही राज्याचा अर्थसंकल्प झाला की त्या आठवड्यात दर पुन्हा ताडून बघा.

गोव्याची गोष्ट वेगळी. तिथं पेट्रोल गेली काही वर्षं दोन्ही राज्यांपेक्षा स्वस्त राहिलं आहे. म्हणून ‘गोव्यात जाऊन भरून येऊ’ असं कॉलेजची पोरं म्हणतात. हिशेब करू. लिटरमागं सहा रुपये फरक धरला, तीस लिटर भरले, १८० रुपये वाचले. सव्वासहानं भागलं तर २९ किलोमीटर. बेळगावातून गोव्याची हद्द गाठायलाच पन्नासाच्या वर किलोमीटर होतात, तेही एका बाजूनं, तेही घाटातून. मुद्दाम जाण्यात शंभर टक्के तोटा आहे.

पण कामानं किंवा फिरायला जाणारच असाल तर गोष्ट उलटी. बेळगावातून निघताना टाकी फुल्ल करू नका. तिथं पोचून वर हाताशी पाच-सात लिटर राहील इतकंच पेट्रोल ठेवा. साखळी, म्हापसा, पणजी, फोंडा, जिथं जाल तिथं गरजेपुरतं भरा आणि परतीच्या दिवशी घाट चढण्याआधी टाकी फुल्ल करा. ‘पाच-सात लिटर’ यावर मी मुद्दाम जोर देतो. चोर्ल्याचा रस्ता पावसाळ्यात धुक्यानं भरतो, एखादं झाड पडतं, ट्रक आडवा होतो, आणि दोन-दोन तास गाडी जागेवर उभी राहते. रिझर्व्हवर गाडी घेऊन कणकुंबीच्या पुढं जाऊ नये. अनमोड मार्गानं जाणाऱ्यांनाही हेच : खानापूर, लोंढा, रामनगर सोडताना काटा बघा.

कॅन भरून आणायचा मोह कुणाला झाला तर त्याला तिथंच थांबवा. प्लॅस्टिकच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल डिकीत ठेवून, उन्हातून, घाटातून आणणं म्हणजे बायकामुलांच्या मागं आग घेऊन बसणं आहे. दीडशे रुपयांसाठी हे करू नका.

कोल्हापूरला अंबाबाईला किंवा जोतिबाला जाताना काय करायचं? बेळगाव-कोल्हापूर साधारण एकशे दहा किलोमीटर. पेट्रोल गाडी असेल तर इकडंच फुल्ल करून निघा, जाऊन-येऊन पंधरा लिटरच्या आत काम होतं, पलीकडं भरायची वेळच येत नाही. मिरजेला दवाखान्यात जाणाऱ्यांनी चिकोडी किंवा कागवाडच्या आधी भरून घ्यावं. दवाखान्याच्या धावपळीत पंप शोधत बसायला लागू नये, हे त्यातलं मोठं कारण. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जाताना सीमेचा प्रश्नच नाही, पण पौर्णिमेच्या गर्दीत डोंगराजवळच्या पंपांवर रांगा असतात. बेळगावातच भरा.

पंप कसा निवडायचा

दराचा फरक पैशांत असतो, मापाचा फरक रुपयांत. म्हणून मी दर थोडा बाजूला ठेवून माप आणि पेट्रोल चांगलं असलेला, रोजच्या वाटेवरचा एक पंप धरतो आणि तोच ठेवतो. जिथं गाड्यांची वर्दळ आहे तिथला माल टाकीत पडून राहत नाही, हे पावसाळ्यात विशेष महत्त्वाचं.

पंपावर गेलात की गाडीतून उतरा. सुरुवातीला हे अवघड वाटतं, पण सवय लावा. मशीनवर शून्य दिसतंय ना ते बघा. आपल्याकडं पंपावरचा पोरगा बहुतेक वेळा स्वतःच म्हणतो, "झीरो नोडि सर." म्हणजे शून्य बघून घ्या. कन्नड येत नसेल तर तीन-चार शब्दांवर काम चालतं : ‘फुल टँक माडि’ म्हणजे टाकी फुल्ल करा, ‘बिल कोडि’ म्हणजे बिल द्या, ‘गाळि’ म्हणजे हवा. शहापूर, टिळकवाडी, खानापूर, निपाणीत मराठीत बोलूनही भागतं. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडं हे शब्द कामाला येतात, आणि दोन शब्द त्याच्या भाषेत बोललं की समोरचा माणूसही आपलेपणानं वागतो.

भरत असताना नजर मशीनवर ठेवा. एक माणूस पैसे मागतोय, दुसरा काच पुसतोय, आणि मधेच नोझल बंद करून ‘झालं’ म्हणतात, असं वाटलं तर शांतपणे लिटरचा आकडा वाचा. शंभर-दोनशेऐवजी एकशे दहा, दोनशे दहा रुपयांचं भरलं की माप बरोबर मिळतं, असं लोक छातीठोक सांगतात. त्यात तथ्य नाही. मशीन लिटर मोजतं आणि रकमेत बदलतं. ज्यानं मापात गडबड केली आहे त्याच्याकडं कुठलीही रक्कम सांगितली तरी कमीच मिळणार.

खरा उपाय म्हणजे पाच लिटरचं माप. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं भांडं असतं, आणि शंका आली तर ते मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. त्यात मशीननं पाच लिटर सोडायचं आणि मानेवरची खूण बघायची. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत इकडंतिकडं चालतं, त्याहून कमी आलं तर त्या नोझलवरून विक्री थांबवायला हवी. मी आजवर दोनदा हे माप मागितलं. दोन्ही वेळा मागताना संकोच वाटला, दोन्ही वेळा माप बरोबर निघालं, आणि त्यातल्या एका पंपावर मी अजून जातो. माप बिनतक्रार दाखवणारा पंप धरून ठेवण्यासारखा असतो.

पेट्रोलच्या शुद्धतेसाठी फिल्टर पेपर मागता येतो. नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाकायचा. तो उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. मशीनवर किंवा बिलावर घनता लिहिलेली असते. पेट्रोलची घनता १५ अंश तापमानाला घनमीटरला ७२० ते ७७५ किलो यांच्या दरम्यान असायला हवी. रोज कुणी हे तपासत बसणार नाही, पण आकडा माहीत असला की बिलाकडं बघण्याची नजर बदलते.

भल्या पहाटे गार पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं, हीही ऐकीव गोष्ट. पेट्रोल तापलं की फुगतं हे खरं, दर अंशाला साधारण एक दशांश टक्का. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळी सहाला आणि दुपारी दोनला फारसं वेगळं नसतं. झोप मोडू नका.

हवा, पिण्याचं पाणी आणि शौचालय या सोयी पंपावर फुकट मिळायला हव्यात. हवेचं मशीन चालू असलेला पंप हा माझ्या दृष्टीनं दरापेक्षा मोठा गुण आहे.

गाडी चालवताना

हवेपासूनच सुरू करू. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर हवेचा दाब किती पीएसआय ते लिहिलेलं असतं. दोन माणसांसाठी वेगळा, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. पंधरा दिवसांतून एकदा, गाडी गार असताना तपासा. घरापासून जवळच्या पंपावर सकाळी गेलात तर उत्तम. हवा कमी असली तर कमी असलेल्या दर पीएसआयला अ‍ॅव्हरेज साधारण ०.२ टक्के घसरतं. ऐकायला कमी वाटतं, पण माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीत एकदा चारी टायर दहा-दहानं कमी निघाले होते. अ‍ॅव्हरेज तर गेलंच, टायरच्या कडा वर्षभरात उतरल्या.

हायवेवर वेग. पुणे-बेंगळुरू महामार्गावर निपाणी ते हिरेबागेवाडी रस्ता मोकळा मिळाला की पाय आपोआप खाली जातो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीपेक्षा जास्त होतो, आणि तो विरोध पेट्रोल जाळूनच तोडावा लागतो. बेळगाव ते कोल्हापूर शंभरानं जाऊन ऐंशीच्या तुलनेत फार तर पंधरा-वीस मिनिटं वाचतात. कोगनोळी आणि हत्तरगीच्या टोलनाक्यावर त्यातली निम्मी जातात. वहीत दोन्ही वेगांचे आकडे एकदा लिहून बघा, मग कुणी सांगायची गरज राहणार नाही.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. वंटमुरी, तवंदी, आंबोली, चोर्ला, कुठलाही उतार असो. न्यूट्रलला पेट्रोल वाचतं ही समजूत जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांबरोबर आली आणि राहिली. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं, चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चोर्ल्यात ब्रेक तापून वास येणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. दुसरा किंवा तिसरा गिअर टाकून उतरा. जीवही राखला जातो.

ऊसतोडीच्या दिवसांत संकेश्वर, चिकोडी, निपाणी, अथणी भागात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांच्या मागं ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर करत राहिलं की अ‍ॅव्हरेज कोसळतं. थोडं अंतर ठेवून एकाच संथ वेगानं चला, ओव्हरटेकची सुरक्षित जागा येईपर्यंत. अनेक ट्रॉल्यांना मागं दिवे नसतात, त्यामुळं हे अंतर रात्री दुप्पट ठेवा.

रेल्वे गेट पडलं की इंजिन बंद करा. एसी चालू ठेवून उभी असलेली छोटी गाडीसुद्धा तासाला लिटरभराच्या आसपास पिते. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं गेटवर गेली तर महिन्याला आठ-दहा लिटर उभ्याउभ्या गेलं.

एअर फिल्टर, सर्व्हिसिंग, डिकीतलं अनावश्यक सामान, टपावरचं कॅरिअर. हे सगळे सांगतात, मीही एवढंच सांगून पुढं जातो.

ज्यांची धाव जास्त आहे आणि बरीचशी शहरातच आहे त्यांनी सीएनजीचा विचार करावा. बेळगाव शहरात तो मिळतो. खेड्यांकडं आणि घाटांकडं जास्त जाणं असेल तर पंपांचं अंतर आधी बघा, कारण तिथं गाडी पेट्रोलवरच चालवावी लागेल आणि डिकीतली टाकी नुसतं वजन होऊन बसेल.

इथेनॉल आणि पाऊस

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यालाच ई-२० म्हणतात. बेळगाव जिल्हा उसाचा, इथल्या अनेक कारखान्यांना जोडून डिस्टिलरी आहे. आपल्या शिवारातला ऊस मळीवाटे, रसावाटे आपल्याच टाकीत येतो, याचा शेतकऱ्याच्या घरातला म्हणून मला आनंद आहे. पण हिशेब सांगायला हवा : एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज १ ते २ टक्के आणि बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या चारचाकींचं ६ ते ७ टक्के घटेल असं दिलं होतं. जुनी गाडी विकत घेतली असेल तर टाकीच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत ई-२० चालेल का ते बघा, आणि रबरी पाइप-सील मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या.

इथेनॉल पाणी ओढतं, आणि खानापूर-जांबोटी पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाण्याला तोटा नाही. टाकीत थोडं जास्त पाणी गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी बसतं, वर पेट्रोल राहतं, आणि पंप तळातलंच ओढतो. म्हणून झाकणाचं रबर ठीक आहे ना ते बघा. मुसळधार पावसात छताखाली उभं राहूनच भरा. पंपावर टँकर खाली होत असेल तर अर्धा तास थांबा किंवा पुढं चला, कारण तेव्हा तळाचा गाळ-पाणी ढवळलेलं असतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकामी जागा जितकी कमी तितकी दमट हवा कमी.

हे मी अनुभवानं शिकलो. एका जुलैत खानापूरकडं जाताना वाटेतल्या एका पंपावर पेट्रोल भरलं. दोन दिवस सलग पाऊस कोसळत होता. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर गाडी गचके द्यायला लागली आणि बंद पडली. बायको आणि आई गाडीत, बाहेर पाऊस. टो करून गॅरेजला नेली, मेकॅनिकनं टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं, आणि दहा मिनिटांत तळाशी वेगळा थर दिसायला लागला. टाकी, फिल्टर, लाइन सगळं साफ करावं लागलं.

बिल माझ्याकडं होतं. वेळ, तारीख, नोझल नंबर, लिटर, सगळं त्यावर. बाटली आणि बिल घेऊन दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो, मालकाशी आवाज न चढवता बोललो, तक्रार वहीत नोंद करायला लावली. त्याच तासात अजून दोघांच्या गाड्या बंद पडल्याचं तिथंच कळलं. गॅरेजचा खर्च त्यानं दिला. दिला नसता तर पंपावर लावलेल्या फलकावरच्या तेल कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नंबरवर आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी फोन करणार होतो. तुमच्यावर तशी वेळ आली तर गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करू नका, नमुना काचेच्या बाटलीत गॅरेजवाल्यासमोर काढा, मोबाइलवर फोटो घ्या, आणि पुढची टाकी भरेपर्यंत मागचं बिल टाकून देऊ नका.